दूध सोडणं ही फॅशन नाही



महिला मंडळात कुणी "मी दूध सोडलं" म्हणाली की दोन वाक्यं ठरलेली येतात. एक, "अगं, दूध म्हणजे काय मांस आहे का?" आणि दुसरं, "ही व्हीगनची फॅशन परदेशातली, आपल्या धर्मात कुठं सांगितलंय?" ही दोन्ही वाक्यं मला पटत नाहीत. का पटत नाहीत ते आज सविस्तर लिहिते. शेवटी स्वयंपाकघराचंही बोलू, कारण नुसत्या उपदेशानं ताटातलं दही जात नाही.

आधी परदेशाचं. "व्हीगन" हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये निघाला, हे खरं. पण दूध-दही-तूप सोडून जेवायला आपल्याला कुणी इंग्रजानं शिकवलेलं नाही. रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांपैकी एक. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा रस आज नाही, असा नियम घेणारी आजी दिगंबर घरात असतेच. श्वेतांबर घरांत चैत्र आणि आश्विनात आयंबिलची ओळी होते. नऊ दिवस दूध नाही, दही नाही, तूप-तेल नाही, गूळ-साखर नाही. त्या नऊ दिवसांत कुणी आजारी पडल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट ओळी पूर्ण करणारीचं आपण पारणं करतो, तिचा सत्कार करतो. मग तीच बाई बाराही महिने दूध नको म्हणाली तर ती फॅशन कशी होते?

यावर कुणी म्हणेल की तिथं हेतू जिभेवर ताबा मिळवण्याचा आहे, गायीचा नाही. मान्य. पण दूध हा आपल्या धर्मात सोडण्याच्या वस्तूंतला पदार्थ आहे, ते काही अनिवार्य अन्न नव्हे, एवढं तरी यातून सिद्ध होतं. आणि मधाचं काय? मद्य, मांस, मधु हे तीन मकार आपण एका ओळीत बसवले. मध म्हणजे काही मांस नव्हे. तरी तो सोडला, कारण त्यात माश्यांचा घात आहे आणि त्यांचा साठा लुटणं आहे. आता तोच प्रश्न दुधाला विचारा. ते कुणासाठी तयार झालं, आणि ते मिळवताना कुणाचा घात होतो?

"आपली आजी तर घरच्या गाईचं दूध प्यायची, ती काय हिंसक होती?" असंही विचारलं जातं. नाही, बिलकूल नव्हती. पण तिचा काळ बघा. आपल्या भागातली जनावरं म्हणजे लातूर जिल्ह्यातली देवणी आणि नांदेडच्या कंधारची लाल कंधारी. दोन्ही जातींचे बैल नावाजलेले. गोऱ्हा झाला तर घरात आनंद व्हायचा, कारण तो उद्या औत ओढणार होता. माळेगावच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात चांगल्या बैलजोडीला मान होता. वासराला पोटभर पाजून उरलेलं दूध घरात यायचं. आज शेतात ट्रॅक्टर आहे. गोऱ्ह्याला काम उरलं नाही, आणि काम नसलेल्या तोंडाला दुष्काळी मुलखात कडबा कोण घालणार? शेतकऱ्याला मी दोष देत नाही, तो तरी किती सोसणार. पण आजीचं दूध आणि आपलं दूध एकच आहे असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

म्हशीचं तर आणखी कठीण. आपल्याकडं चहाला आणि विरजणाला म्हशीचंच दूध लागतं. 2019 च्या पशुगणनेत देशभरात म्हैसवर्गाची जनावरं जवळपास 11 कोटी निघाली. त्यात नर एक कोटीही नव्हते. जन्माला तर निम्मे नर येतात ना? मग ते गेले कुठं? काही दुधावाचून मेले, बाकीचे कुठं गेले ते आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आहे, पण ती बंदी म्हशीला आणि हल्याला लागू नाही. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या मोठ्या देशांत आपला देश आहे, आणि आटलेली म्हैस त्याच वाटेनं जाते. आता तर नर जन्मालाच येऊ नये म्हणून निवडलेल्या रेतमात्रा सरकारच अनुदानावर देतं. नर जनावर या धंद्याला किती नकोसं झालंय, हे यावरून कळतं.

आता पहिल्या वाक्याकडं येते, दूध म्हणजे मांस नव्हे. बरोबर, नव्हे. पण आपली अहिंसा फक्त ताटात काय आहे एवढंच विचारते का? तत्त्वार्थसूत्र दोन्ही पंथांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. प्राण्याला बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं आणि त्याचं अन्नपाणी अडवणं. हे पाच घेऊन एखाद्या गोठ्यात जाऊन उभ्या राहा. हातभर दोरीवर दिवसभर बांधलेली म्हैस दिसेल. पान्हा सुटेपर्यंत लावून मग ओढून बाजूला बांधलेलं रेडकू दिसेल. आईचं दूध समोर असताना त्याला ते मिळत नाही, यालाच अन्नपाननिरोध म्हणतात. रेडकू मेलं तर काही ठिकाणी त्याच्या कातड्यात भुसा भरून म्हशीपुढं उभं करतात, काही ठिकाणी पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचतात. हे सगळं मी करत नाही, पण पिशवीचे पैसे मी देते. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा हिशेब लहानपणी पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलाय. तो दुधाच्या पिशवीपाशी आला की आपण विसरतो.

जिंतूरच्या नेमगिरीला आपण सगळ्या जातो. नेमिनाथ भगवंतांची कथा मुलांना सांगतो. वरातीच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि ते फिरले. यात एक गोष्ट आपण नीट पाहत नाही. ते पशू पाहुण्यांसाठी होते. नेमिकुमार स्वतः ते मांस खाणार नव्हते. "मी कुठं खातोय" म्हणून त्यांना पुढं जाता आलं असतं. ते गेले नाहीत, कारण ते प्राणी त्यांच्या निमित्तानं कोंडले होते. आपल्या चहाच्या निमित्तानं कोण कोंडलंय, एवढाच माझा प्रश्न आहे.

गोशाळेचं उत्तर मला दरवेळी मिळतं. आपला समाज गोशाळा आणि पांजरपोळ चालवतो, भरभरून दान देतो, त्याचा मला अभिमान आहे. पण एका हातानं दूध घ्यायचं आणि त्यातून उरलेल्या जनावरांसाठी दुसऱ्या हातानं देणगी द्यायची, याला टोक नाही. आणि किती गोशाळांत हल्ले सांभाळलेले पाहिलेत तुम्ही?

मर्यादेचं बोलायचं तर दूध काढल्यावर 48 मिनिटांच्या आत गाळून तापवायचं, हा दिगंबर चौक्याचा नियम. पिशवीतल्या दुधाला तो कोण लावतं? पाणी गाळून पिणाऱ्या आणि चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणाऱ्या बाया आपण, काल कधीतरी काढलेलं दूध आज बिनदिक्कत ओततो. कुणी अभिषेकाचा प्रश्न काढेल. पंचामृताची परंपरा ज्या मंदिरांत आहे तिथला निर्णय समाजानं मिळून करावा. पण तेरापंथी मंदिरांत शुद्ध जलानं अभिषेक होतो आणि त्यात कुणाची भक्ती कमी पडत नाही, एवढं लक्षात असू द्या. मुनिमहाराजांच्या आहाराबद्दल मी काही बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी बोलतेय ते माझ्या-तुमच्या चुलीबद्दल.

आपण बदलू शकतो, हे आपण आधी दाखवलंय. मिठाईवरचा वरख जनावराच्या आतड्या-कातड्यात ठेवून कुटतात हे कळल्यावर कितीतरी घरांनी वरखाची मिठाई बंद केली. पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी संस्थेनं तो विषय लावून धरला, आणि 2016 मध्ये वरखासाठी प्राणिजन्य साहित्य वापरायला मनाईही झाली. पूजेचं रेशीमही अनेकींनी असंच सोडलं. तेव्हा कुणी परदेशी फॅशन म्हटलं नाही. अमेरिकेत जैन धर्म नेणारे चित्रभानूजी (1922–2019) तर दूधसुद्धा नको, असंच सांगत राहिले.

आता स्वयंपाकघर. इथं माझं भांडण दुसऱ्या बाजूशीही आहे. व्हीगन म्हणून दुकानात जे विकतात, त्यातलं बरंचसं आपल्या कामाचं नाही. कशात मशरूम, कशात यीस्ट, कशात कांदा-लसूण आणि बटाटा. मांसाच्या चवीचे पदार्थ तर आपल्याला हवेतच कशाला? ज्याची आठवणही नको, त्याची नक्कल ताटात घेणं ही भावहिंसाच. बदामाच्या दुधाच्या डब्याचा भाव ऐकून सासूबाई जे बोलतील ते बरोबरच बोलतील. पर्याय आपल्याच शिवारात आहेत.

शेंगदाण्याचं दूध करा. एक वाटी दाणे सकाळी चार तास भिजवा, सालं काढा, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून गाळा आणि ढवळत उकळा. (भुईमूग जमिनीत लागतो, पण तो कंद नव्हे, शेंग आहे.) खिरीला आणि पातळ भाजीला ते छान लागतं, चहात मात्र घालू नका, चव बिघडते. दुधाच्या चहाची नक्कल करण्यापेक्षा चहाच बदला. सुंठ, वेलची, गवती चहा आणि गूळ घालून कोरा चहा आठ दिवस प्या, नंतर दुधाचा जड वाटतो. शेवयांची खीर नारळाच्या दुधात करा. मंद आचेवर ठेवा आणि गूळ खाली उतरवल्यावर घाला, म्हणजे फुटत नाही.

कढी चिंचेच्या कोळाला बेसन लावून होते. जिरं, हिंग, कढीपत्ता आणि मेथीदाण्याची फोडणी द्या. यात एक मोठा फायदा आहे. दही नाही म्हणजे द्विदलाचा प्रश्नच नाही, त्यामुळं कढीवरून होणारा घरातला जुना वाद आपोआप मिटतो. धपाट्यांबरोबर दह्याऐवजी दाण्याची चटणी लिंबू पिळून पातळ करा. पुरणपोळीला तूप हवंच असं नाही, आपल्या मराठवाड्यात गुळवणी आहे की! भाकरीवर कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि घाण्याचं करडईचं तेल घेतलं की तुपाची आठवण येत नाही. तिळाचे आणि दाण्याचे लाडू तुपाशिवायही होतात. पनीर तर आजीच्या स्वयंपाकघरातही नव्हतं, ते जायला काहीच हरकत नाही. फारच वाटलं तर लातूर सोयाबीनचा बाजार आहे, सोयाबीनचं दूध काढून लिंबानं फाडा, तसंच घट्ट बसतं. श्रीखंडाला मात्र पर्याय नाही. उगाच कशाला खोटं सांगू, ते सोडलं की सोडलं. त्याग म्हणतात तो हाच.

तब्येतीचं स्पष्ट सांगते. कॅल्शियमसाठी नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच गाईच्या दुधात 120 च्या आसपास. न सोललेल्या तिळात नाचणीहूनही जास्त. धान्यातलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून दोन्ही रोज खा. बी-12 मात्र धान्य-भाजीत मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच लागते, आणि घेताना आवरण जिलेटिनचं नाही ना ते विचारा. दूध पिणाऱ्या आपल्या बायकांतही बी-12 कमी निघतं, तेव्हा ही भीती फक्त दूध सोडणारीला दाखवू नका. लहान मुलं आणि गरोदर सुनांच्या बाबतीत आधी तज्ज्ञांचा सल्ला, मग बदल.

एकदम सगळं सोडा असं मी म्हणत नाही. येत्या चातुर्मासात नियम घ्या. पहिल्या महिन्यात पनीर आणि मिठाई, दुसऱ्यात चहाचं दूध, तिसऱ्यात दही, चौथ्यात तूप. दशलक्षणाचे किंवा पर्युषणाचे दिवस मध्ये येतातच, ते पूर्ण पाळा. नियम मोडला तर प्रायश्चित्त आपल्याला माहीत आहे. आणि पुढच्या वेळी मंडळात कुणी दूध सोडल्याचं सांगितलं, तर तिला "मांस आहे का" असं विचारण्याआधी तिच्या हातची चिंचेची कढी एकदा खाऊन बघा.

जय जिनेंद्र.