जॉन्सन हसला म्हणून

'खेळाला जात नसते' हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं, त्याच्या घरातल्या कुणी कधी आखाड्याबाहेर उभं राहून हलगी वाजवली नसणार. माळेगावची यात्रा बघा, लातूरच्या सिद्धेश्वराची जत्रा बघा. फड लागतो, माती भिजते, गर्दी उसळते. पण हलगी कडाडल्याशिवाय पैलवानाचा हात शड्डूला उठत नाही, आणि हलगी असते आमच्या मातंग भावाच्या गळ्यात. फेटा, नारळ, इनाम सगळं आतल्यांना. बाहेरच्याला दिवसभराचा घाम आणि वर दोन शिव्या. आणि म्हणे खेळाला जात नसते!

परवा नांदेडात आपल्याच एका वस्तीत आपल्याच एका पुढाऱ्यानं पोरांना बॉक्सिंगचे ग्लोव्हज वाटले. ग्लोव्हज चांगले होते, वाटले ते बरंच केलं. पण सोबत भाषण वाटलं. पोरांनो, मोर्चे सोडा, मेडल आणा, जात आपोआप जाते. टाळ्या पडल्या. मला टाळी वाजवता आली नाही. मेडल आणल्यावर जात कशी जाते, हे ज्याला पुरतं ठाऊक होतं तो माणूस १९४६ सालीच मेला. त्याचं नाव जॅक जॉन्सन. पुढारी साहेबांना ते ठाऊक नसेल तर मी सांगतो. मी दहावी पास आहे, आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक, एवढं वाचता येतं मला.

जॉन्सन जन्मला १८७८ साली, अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात. आई-बाप गुलामीतून सुटलेले. शाळा थोडी वर्षं, मग गोदीत मजुरी. (हे मी वाचलं ते मुंबईच्या गोदीत जेवणाच्या सुट्टीत. डबा तसाच राहिला.) १९०१ साली चॉइन्स्की नावाच्या मुरलेल्या ज्यू बॉक्सरनं त्याला तिसऱ्या फेरीत आडवा केला. टेक्सासात पैशाच्या लढती बेकायदा, म्हणून पोलिसांनी जिंकलेल्याला आणि हरलेल्याला एकाच कोठडीत कोंबलं. तिथं चॉइन्स्कीनं त्याला मार चुकवायची विद्या शिकवली. एक ज्यू, एक काळा, दोघांची तालीम जेलात. मला ही गोष्ट लई आवडते.

पुढं काळ्यांमधला अजिंक्यपद त्यानं १९०३ साली जिंकला. पण खरं हेवीवेट जगज्जेतेपद गोऱ्यांचं. सुलिव्हननं आधीच जाहीर करून ठेवलं होतं की काळ्याशी लढणार नाही. जेफ्रीज तेच म्हणत राहिला आणि न हरता निवृत्त झाला. न हरता! ज्याच्याकडून हरण्याची भीती त्याला रिंगणातच घ्यायचं नाही, मग कुणाच्या बापाची टाप आहे हरवायची? आपल्याकडं विहिरीला, देवळाला, तालमीला हीच युक्ती हजारो वर्षं चालली. तिला आपण धर्म म्हणत आलो.

जॉन्सन टॉमी बर्न्सच्या मागं लागला. इंग्लंडात गेला, ऑस्ट्रेलियात गेला. शेवटी २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत बर्न्स उभा राहिला, तोही तीस हजार डॉलर आधी ठरवून घेऊन. जॉन्सनला पाच हजार. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, कारण बर्न्सचं काही शिल्लक राहिलं नव्हतं. कॅमेराही बंद केला, गोरा पडताना दिसू नये म्हणून. रिंगणाजवळ जॅक लंडन बसला होता, मोठा लेखक, स्वतःला समाजवादी म्हणवणारा. त्यानं पेपरात काय लिहिलं? जेफ्रीजनं शेतीवाडी सोडून परत यावं आणि जॉन्सनच्या तोंडावरचं ते सोनेरी हसू पुसून टाकावं. आपल्या गावचे लाल सदरेवाले कॉम्रेड आठवले तर आठवू द्या.

हसू! गोऱ्यांचा खरा राग जॉन्सनच्या ठोशावर नव्हता. तो मारताना हसायचा, सोन्याचे दात दाखवायचा, समोरच्याशी गप्पा मारायचा. भारी कपडे घालायचा, मोटारी उडवायचा. आमच्या गावात पोरगा नवी मोटारसायकल घेऊन मारुतीच्या पारावरून गेला की पारावरच्यांच्या पोटात जे ढवळतं, तेच सगळ्या अमेरिकेच्या पोटात ढवळत होतं.

४ जुलै १९१०, नेवाडातलं रिनो गाव. एक लाख एक हजार डॉलरची थैली, वीसएक हजार माणूस. जेफ्रीजला परत आणला होता, गोऱ्या वंशाची इज्जत वाचवायला. पंधराव्या फेरीत तो आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला, आणि पुन्हा पुन्हा पडला. आणि त्याच रात्री? शहरा-शहरांत गोरे रस्त्यावर उतरले. दिसेल त्या काळ्याला झोडपलं. वीसच्या आसपास माणसं मेली, शेकडो फुटली. मेलेल्यांनी कुणाला ठोसा मारला नव्हता. कुणी नुसतं तार वाचून हसला असेल. जॉन्सन रिनोत जिंकला, त्याचा हिशेब दूरच्या गल्लीतल्या हमालाच्या अंगावर चुकता झाला.

आता नांदेडकर, लातूरकर मित्रांनो, ही गोष्ट ओळखीची वाटायला लागली का? २७ जुलै १९७८. विधिमंडळात ठराव झाला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. एक ठराव, नुसता कागद. आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला मारून जाळला. त्यानं विद्यापीठाची पायरीही मागितली नव्हती. मुंबईत आपण जिंकलो, हिशेब टेंभुर्णीत झाला. लातूर तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, उस्मानाबादेत होता, पण आग जिल्ह्याची हद्द विचारून येत नाही. १५ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९९३ ला, नांदेडच्या रस्त्यावर गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. नामांतर नाही, विस्तार.

आणि पुढचं ऐका. जॉन्सनच्या जिंकलेल्या लढतीचं चित्रपट कोणी बघू नये म्हणून अमेरिकेनं १९१२ साली कायदाच केला, लढतीच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायच्या नाहीत. जिंक बाबा, पण दिसू नको. इकडं जानेवारी १९९४ ला नाव लागलं, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूरच्या पोरांच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव येत नाही. योगायोग म्हणायचा तर म्हणा. मी म्हणणार नाही.

रिंगणात हरत नाही म्हटल्यावर जॉन्सनला कोर्टात घेतला. त्याच्या बायका गोऱ्या होत्या. १९१० चा एक कायदा होता, बायकांच्या व्यापाराविरुद्धचा, तो त्याच्यावर लावला. १९१३ साली गोऱ्या पंचांनी दोषी ठरवला, एक वर्ष एक दिवस सजा. तो देश सोडून पळाला. १९१५ साली हवानात सदतिशीतल्या जॉन्सनला विलार्डनं सव्विसाव्या फेरीत पाडलं. १९२० साली परत येऊन त्यानं जेल भोगली. माफी मिळाली २०१८ साली, मरून ७२ वर्षं झाल्यावर. आपल्याकडं परजातीच्या पोरीसाठी कायदा लागत नाही, कोयता पुरतो.

त्याच्यानंतर काळ्या माणसाला हेवीवेटचा पट्टा मिळाला तो २२ वर्षांनी, १९३७ साली, जो लुईला. आणि त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला आधी नियम शिकवले होते. गोऱ्याला पाडल्यावर हसायचं नाही. गोऱ्या बाईसोबत फोटो नाही. म्हंजे जिंक, पण मान खाली घालून जिंक. पुढारी साहेबांना असला विजेता पाहिजे आहे. वस्तीतून मेडल आणणारा, व्यासपीठावर वाकून नमस्कार करणारा, आणि गावात मार पडला तर 'मी खेळाडू आहे' म्हणणारा.

असला एक आपल्याकडं होऊन गेला, आणि त्याच्यावर लिहिताना माझा हात जड होतो, कारण तो मोठा होता. पाळवणकर बाळू. चांभाराचा पोरगा, जन्म १८७६. पुण्यात साहेबांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर खेळपट्टी झाडायचा, रोलर ओढायचा, आणि तासन्‌तास साहेबाला बॉल टाकायचा. बॅट त्याच्या हातात कुणी देत नव्हतं. हिंदू संघात घेतला, कारण त्याच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येईना. पण चहा मैदानाबाहेर, मातीच्या कुल्हडात. बाकीच्यांना चिनी मातीच्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले, आणि संघाचा कप्तान कोण? पतियाळाचा महाराजा, वय १९-२०! बाळू हिंदू संघाचा कप्तान कधीच झाला नाही. १९२३ साली धाकटा विठ्ठल झाला, तोही भावांनी भांडण केल्यावर.

हा बाळू १९३२ ला पुणे करारावर सही करतो. १९३७ ला काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभा राहतो. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. त्याला शिवी देणं सोपं आहे. ज्यांनी त्याला कपात चहा दिला नाही त्यांनीच त्याला तिकीट दिलं, हे मात्र लक्षात ठेवा. विजेत्याचा खरा उपयोग त्यांना त्या दिवशी झाला.

म्हणून बाळूला सोडा आणि जॉन्सनला डोक्यावर घ्या, असं म्हणतो का मी? नाही. जॉन्सनचंही एक घाण पान आहे. सॅम लँगफर्ड नावाचा काळा बॉक्सर होता, बुटका, भयंकर. १९०६ साली जॉन्सननं त्याला हरवलं, पण जगज्जेता झाल्यावर त्याला एकही संधी दिली नाही. काळ्याविरुद्ध काळा, तिकीट कोण काढणार, धंदा कसा होणार? जी रेघ सुलिव्हननं ओढली होती तीच जॉन्सननं आतून ओढली. लँगफर्ड आणि हॅरी विल्स, विल्स परत न्यू ऑर्लिन्सचा गोदी कामगार, हे दोघं एकमेकांशीच पंधरापेक्षा जास्त वेळा लढले. दुसरं कुणी लढतच नव्हतं त्यांच्याशी. १९४४ साली एका वार्ताहरानं लँगफर्डला हार्लेममधल्या एका खोलीत शोधून काढला. कंगाल, दोन्ही डोळ्यांनी आंधळा.

पुढारी साहेब, तुम्हीही एकदा कुणाला तरी हरवून रिंगणात गेलात. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, मीपण वाटले. त्यानंतर या वस्तीतल्या कुठल्या पोराला तुम्ही तुमच्या शेजारी उभं राहू दिलं? महार पोरगा पुढं आला की मातंगाला दाखवता, मातंग आला की चांभाराला. आम्ही आपापसात पंधरा-पंधरा वेळा लढतो आणि पट्टा तुमच्या कपाटात. पोरं ग्लोव्हज घालतील, चांगले ठोसे शिकतील. पुढची सभा नांदेडात घ्या नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत घ्या, मी सुट्टी टाकून येतो. लँगफर्डचा प्रश्न मी उभा राहून विचारणार आहे, माईक बंद केलात तरी. गोदीत बोलायला माईक लागत नाही.