दोराची वाटी आणि एका वडिलांचा प्रश्न

आज एका वाटीबद्दल लिहिते आहे. दोराच्या वाटीबद्दल.

शनिवारची सकाळची शाळा होती. आनंददायी शनिवारसाठी चौथीच्या मुलांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, घरात पडलेला जुना दोर आणा, विकतचा आणायचा नाही. कुणी कपडे वाळत घालायची सुती दोरी आणली, कुणी पोत्याच्या तोंडाची सुतळी, एकाने तर बैलाचा जुना कासराच उचलून आणला. गोधडी शिवायच्या जाड सुया आणि दोरा मी नेला. मोबाईलवर हे काम शिलाई मशीनवर करतात, आपल्याला हातानेच करायचं होतं.

कृती सोपी आहे. दोराचं टोक गुंडाळून घट्ट चकती करायची. नवा वेढा आधीच्या वेढ्याला चिकटवून ठेवायचा आणि अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर दोन्हींतून टाका घ्यायचा. चकती तळहाताएवढी झाली की पुढचा वेढा शेजारी न ठेवता थोडा वर चढवायचा, तिथून वाटीची भिंत उभी राहते. ६ मिलिमीटर जाडीचा साडेचार-पाच मीटर दोर असला की खडू ठेवण्याएवढी वाटी होते. टाका सैल राहिला तर वाटी कलते. ते मी सांगावं लागत नाही, पोरं स्वतःच उसवून पुन्हा घालतात. गणिताच्या वहीतली चूक इतक्या खुशीनं खोडलेली मी तरी पाहिली नाही.

एका मुलीनं गंमत शोधली. तिनं प्रत्येक वेढा जिथे संपतो तिथे दोरावर खडूची खूण केली आणि नंतर अंतरं मोजली. प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा साधारण पावणेचार सेंटिमीटर मोठा. "मॅडम, दरवेळी तेवढाच काहून वाढते?" वेढा वाढला की त्रिज्या दोराच्या जाडीएवढी, म्हणजे ६ मिलिमीटर वाढते, आणि परीघ त्याच्या दुप्पट गुणिले बावीस सप्तमांशाने. हे सूत्र तिला वरच्या वर्गात भेटेल. पण प्रश्न तिला आजच पडला, आणि तो तिचा स्वतःचा होता.

मी खूश होते. सोमवारी एका मुलाचे वडील फाटकापाशी थांबले.

"मॅडम, दोराचं काम शिकाले पोराले शाळेत कायले पाठवू? माह्या बापानं जिंदगीभर वाखच वळला. त्याच्या हाताचे फोड म्या पाह्यले हायेत."

मला लगेच उत्तर देता आलं नाही.

आपल्या वऱ्हाडात अंबाडी कोणाला माहीत नाही? भाजी खातो, फुलांचं सरबत करतो. तिचीच ताटं पाण्यात कुजवून साल सोलली की वाख निघतो. वाखाच्या दोन पदरांना एका दिशेनं पीळ द्यायचा आणि दोन्ही मिळून उलट्या दिशेनं वळायचे, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्याला उलगडू देत नाही. इतकं हुशारीचं हे काम. पण गावगाड्यात ते मातंग समाजाच्या वाट्याला आलं, मोबदल्यात धान्य मिळालं आणि वर हलकेपणा मिळाला. पोळ्याला बैलाच्या अंगावरचा नवा दोर सगळ्यांना हवा असे, वळणारा मात्र वेशीबाहेर. आता नायलॉननं तो धंदाही बराचसा खाल्ला. अशा घरातला बाप मुलाच्या हातात पुन्हा दोर पाहून बिथरला, तर त्याला मागासलेला कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

१९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारनं प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचं काम शिकावं असं ठरवलं. म्हणजे कुंभाराच्या पोरानं कुंभारकामच करावं, अशी टीका होऊन मोठा विरोध झाला आणि १९५४ मध्ये योजना मागे घ्यावी लागली. बरं झालं. आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी मांडलेली नई तालीम वेगळी होती. तिथे हस्तोद्योग ज्याच्या त्याच्या जातीचा नव्हता, सगळ्या मुलांना होता आणि त्यातूनच गणित-भाषा शिकायची होती. ती नीट रुजली नाही हा भाग निराळा.

माझं मत याच्या आसपास आहे. हाताचं काम शाळेत हवंच, पण सगळ्यांच्या हाताला हवं. दुकानदाराच्या मुलाला सुई टोचली पाहिजे, माझ्याही मुलीला. आपण काय करतो? कार्यानुभवाचा तास गणिताला देतो आणि वर्षाच्या शेवटी अंदाजानं श्रेणी भरतो. मीही भरल्या आहेत, लपवत नाही. प्रकल्प आई रात्री जागून करते किंवा तयार विकत येतो.

पालकहो, घरी तर याहून सोपं आहे. कण्हेरीच्या बिट्ट्या, चिंचोके, भेंडीच्या देठाचे ठसे, गुलबासाच्या काळ्या बिया. यातलं शिकवायचं काहीच नाही, फक्त तासभर मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसायचं आहे. पहिली दहा मिनिटं पोर कुरकुरते, तेवढी सोसा.

ते वडील आठवड्यानं पुन्हा भेटले. "एक सांगा मॅडम, दुसऱ्यायचे पोट्टेही करतात, का माह्याच पोराले बसवलं?" मी त्यांना वर्गात नेलं. खिडकीत ओळीनं एकतीस वाट्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. "मंग ठीक आहे. पण पाढे पह्यले," म्हणाले आणि गेले.

पीळ कसा द्यायचा हे दाखवायला त्यांनाच बोलवावं असं मनात आलं होतं. बोलावलं नाही. ते काम पुन्हा त्याच घराच्या नावावर मी कशाला चढवू? माझ्या आजीकडून शिकले आणि वेडावाकडा का होईना, मीच दाखवला.

बाकी मुलांनी वाट्या घरी नेल्या. त्या मुलाची अजून खिडकीत आहे, आम्ही तिच्यात खडू ठेवतो. घरी नेऊ का, हे त्यानं विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.