कोयता, खाडा आणि संसार

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या वहीत त्यांची गणना माणशी होत नाही. तेथे ‘कोयता’ मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या कामावर दिली जाते, घेतो मात्र नवरा. लग्न आणि मजुरी यांची अशी एकच गाठ बांधलेली आहे.

या व्यवहारात आजारपणाला जागा नाही. दोघांपैकी एकानेही दिवस बुडविला की खाडा धरला जातो. पाचशे रुपये, कधी त्याहून अधिक, उचलीत चढतात. पत्नीचा ताप हा पतीच्या कर्जातील आकडा होतो. पहाटे तिला उठवावयास मुकादम येत नाही, नवराच उठवितो. नवऱ्याची पाठ धरली तर हाच हिशेब तिला मांडावा लागतो, नाहीतर शाळेतल्या मुलीला फडात उभे करावे लागते. कारखान्याची देखरेख अशी संसारानेच फुकट पत्करलेली आहे! कोपीतल्या मारहाणीचे कारण मग दारूत आणि अडाणीपणात शोधले जाते. दारू खोटी नाही आणि हात उगारणाऱ्या पुरुषाला क्षमाही नाही. परंतु ज्या करारात सहधर्मचारिणीचे दुखणे हा दंडनीय अपराध ठरतो, त्याचीही झडती घ्यावयास नको काय?

खाडा चुकविण्याची ही धडपड कोठवर जाते, ते २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा जणींमागे सुमारे एक. यांतील कित्येकींच्या तक्रारी औषधाने आणि विश्रांतीने आटोक्यात येण्याजोग्या होत्या. विश्रांती परवडत नव्हती आणि शस्त्रक्रिया परवडली, असे म्हणावे तर तिचा खर्चही पुन्हा उचलीतूनच भागवावा लागतो. अकाली थकलेल्या त्या देहाशी पुढचा संसार कसा होतो, हे या आकड्यांतून कळत नाही.

आजारी कामगाराला कामाविना वेतन मिळावे, हे तत्त्व कर्मचारी राज्य विमा कायद्याने १९४८ सालीच मान्य केले. साखर ज्यांच्या हातून सुरू होते त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेले नाही, कारण कारखाना त्यांना आपले म्हणत नाही. बोट मुकादमाकडे दाखवितो. ही पळवाट बंद झाली पाहिजे. प्रत्येक स्त्रीची नोंद स्वतंत्र नावाने व्हावी, तिची मजुरी तिच्याच हाती पडावी आणि आजारपणाची रजा कारखान्याने भरपगारी द्यावी. सहकाराचे नाव लावणाऱ्या संचालक मंडळांनी निदान येत्या हंगामाच्या करारातून खाड्याचे कलम काढून टाकावे.