आधी तपासणी, मगच केमो

राज्य मंत्रिमंडळाने ‘महाकेअर’ला मंजुरी दिली आणि कर्करोग उपचारांच्या नव्या साखळीत नाशिकच्या संदर्भ सेवा रुग्णालयाचे नाव आले. स्वागतच आहे. पण केमो रुग्णाच्या जवळ आणायची, तर ती त्याला झेपेल का, हे आधी पाहायला हवे. फाइव्ह एफयू किंवा कॅपेसिटाबिन सुरू करण्यापूर्वी डीपीवायडी ही जनुकीय चाचणी झालीच पाहिजे, आणि तीही सरकारी खर्चाने.

पोट, आतडे, स्तन यांच्या कर्करोगात ही औषधे रोजच्या वापरातली. फाइव्ह एफयूचा 80 टक्क्यांहून अधिक भाग यकृतातले डीपीडी हे विकर मोडून टाकते. काहींच्या जनुकातच दोष असतो. विकर अपुरे असते, क्वचित नसतेच. मग नेहमीचा डोसही विषासारखा भिनतो. तोंड सोलून निघते, जुलाब थांबत नाहीत, पांढऱ्या पेशी तळाला जातात. कॅपेसिटाबिन तर रुग्ण घरीच घेतो: सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी. सुरगाण्याच्या पाड्यावर जुलाब सुरू झाले की सलाइन लागते आणि गोळ्याही चालूच राहतात. उतारा आहे, पण तो शेवटच्या डोसनंतर 96 तासांत द्यावा लागतो. पाड्यावरून नाशिक गाठेपर्यंत ती वेळ टळलेली असते. माणूस दगावतो आणि तो मृत्यू कर्करोगाच्याच खात्यावर जमा होतो. हे संतापजनक आहे, कारण ते टाळता येते.

त्यासाठी रक्ताचा एक नमुना पुरतो. विकर कमी असेल तर निम्म्या डोसने सुरुवात करायची. मुळीच नसेल तर हे औषधच द्यायचे नाही. युरोपच्या औषध नियामकाने 2020 मध्येच उपचारापूर्वी तपासणीची शिफारस केली. रक्तगट न पाहता कोणी रक्त चढवत नाही, मग इथेच बेफिकिरी का? नेहमी तपासले जाणारे चार दोष युरोपीय लोकांतले आहेत, भारतीयांत वेगळे असू शकतात, हा आक्षेप खरा आहे. तर मग फ्रान्सप्रमाणे रक्तातले युरासिल मोजा, भारतीय जनुकांवरचे संशोधन वाढवा. तपासूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कर्करोगाच्या जनुकीय चाचण्यांची प्रयोगशाळा आहे, म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तरीही याच जिल्ह्यातल्या गरीब रुग्णाला ही चाचणी कोणी सांगत नाही. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिन देताना एनयूडीटी15 जनुक पाहावे लागते. त्यातला दोष तर आशियाई लोकांतच अधिक आढळतो. तिथेही हीच अनास्था. यंत्रे आणि इमारती यांच्या घोषणा करायला सरकारला आवडते, काही हजारांच्या तपासणीकडे मात्र लक्ष जात नाही.

महात्मा फुले योजनेच्या केमो पॅकेजमध्ये आरोग्य खात्याने ही तपासणी ताबडतोब घालावी आणि सुरुवात संदर्भ सेवा रुग्णालयापासून करावी. तोवर नातेवाइकांनी पहिल्या सायकलआधी डॉक्टरांना न संकोचता विचारावे: डीपीवायडी तपासली का?