कंपनीच्या वतीने बोलायचे कोणी?

श्रीरामपूरच्या मेन रोडवरचा दुकानदार थकलेल्या उधारीसाठी दिवाणी न्यायालयात स्वतः उभा राहू शकतो. वकील द्यायचा की नाही, हा त्याचा प्रश्न. त्याच दुकानदाराने २०१३च्या कायद्याप्रमाणे एका व्यक्तीची कंपनी काढली, तर माणूस तोच, दुकान तेच, उधारीही तीच. पण युक्तिवाद करण्याचा त्याचा हक्क संपतो. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, आणि दुसऱ्याची बाजू मांडायची तर १९६१च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे सनद हवी. कंपनीच्या संचालकाला वादपत्रावर सही करता येते, साक्ष देता येते. युक्तिवाद मात्र हक्क म्हणून करता येत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत हा नियम रास्तच आहे. वकिलावर बार कौन्सिलची शिस्त असते. लबाडी केली तर सनद जाऊ शकते. शिवाय वकील नसला की दुबळ्याला न्याय मिळतोच असेही नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार न्यायालयात समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय वकील देण्यास मज्जाव केला. पुढे १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वकील असलेली व्यक्ती कंपनीची अधिकारी असेल, तर ती अधिकारी या नात्याने हजर राहू शकते. पगारी विधी अधिकारी मालकाकडे असतो, कामगाराकडे नसतो, हे हरेगाव-टिळकनगरच्या साखर कारखान्यांचा अनुभव घेतलेल्या श्रीरामपूर तालुक्याला वेगळे सांगायला नको.

पण शेतकरी उत्पादक कंपनीचे काय? दहा शेतकरी एकत्र आले की ती नोंदवता येते. व्यापाऱ्याने तिचे सोयाबीन उचलले आणि लाख-दीड लाख थकवले, तर पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, फोनवरचे वायदे, सगळे तिच्या व्यवस्थापकाला तोंडपाठ असते. पण बाजू वकिलानेच मांडायची; त्याची फी आणि तारखांचा हिशेब मांडला की संचालक दावाच सोडून देतात, आणि व्यापाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. असे दावे वकिलांकडेही येत नाहीत. तेव्हा त्यांची फी बुडेल ही भीती निराधार आहे.

यावर उपाय कायद्यातच आहे. अधिवक्ता कायद्याच्या कलम ३२नुसार न्यायालय सनद नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरती परवानगी देऊ शकते. ग्राहक मंचांपुढे (आताचे ग्राहक आयोग) वकील नसलेल्या प्रतिनिधींना उभे राहता येते, हे मुंबईतून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच मान्य केले. इंग्लंडमध्ये कंपनीचा अधिकृत कर्मचारी न्यायालयाच्या परवानगीने कंपनीची बाजू मांडू शकतो. अमेरिकेची संघीय न्यायालये मात्र वकिलाशिवाय कंपनीला उभी करत नाहीत. त्यांचे अनुकरण आपल्या तालुक्यांच्या गावांना परवडणारे नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२खाली नियम करण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाला आहे. तो वापरून लहान कंपन्यांच्या लहान वसुली दाव्यांसाठी ही परवानगी सुलभ करावी. उभा राहणारा कंपनीचाच संचालक किंवा पगारी नोकर असावा, पाठीशी संचालक मंडळाचा ठराव असावा, आणि परवानगी त्या एका दाव्यापुरतीच असावी. म्हणजे कोर्टाच्या आवारात दलालांची नवी जात तयार होणार नाही. कंपनीच्या प्रतिनिधीने खोटा कागद पुढे केला, तर परवानगी तिथेच रद्द करून समोरच्याचा खर्च कंपनीकडून वसूल करावा.