विमानाचा परवाना आणि संत्र्याची कलमे



प्रतापनगरात आमच्या घरी बसले की सोनेगावला उतरणाऱ्या विमानांचा आवाज येतो. परवा काटोलकडचे एक कास्तकार अंगणात बसले होते. वरून विमान गेले तसे म्हणाले, "साहेब, पोरगा हे चालवायचं म्हणतो. दोन एकर काढून टाकू का?" पिशवीत सातबारा घेऊनच आले होते.

मी उलट विचारले, "भाऊ, संत्र्याची कलमे लावता तेव्हा भाव कोणत्या वर्षाचा धरता?"

आज लावलेले कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळ देते. लावताना बाजार तेजीत असतो, आणि फळ येते तेव्हा बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलेले असते. वैमानिकाच्या नोकरीचेही तसेच आहे. 2023 साली इंडिगोने 500 आणि एअर इंडियाने 470 विमाने मागवली, ती बातमी गावोगाव पोचली. पण इंडिगोची ती 500 विमाने 2030 ते 2035 या काळात यायची आहेत, हे कोणी वाचले नाही. उलट बाजूही बघा. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. मधे 2020 साली कोरोनात देशातली प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवरच होती. कंपनी बुडाली की तिचे हजारो तासांचे अनुभवी वैमानिक रांगेत येतात, आणि त्याच रांगेत तुमचा 200 तासांचा पोरगा उभा असतो.

परवान्याला अठरा वर्षे पूर्ण, लेखी पेपर आणि 200 तासांचे उड्डाण लागते. धुके, पाऊस, विमानाची दुरुस्ती धरता दोन वर्षे सहज जातात. खर्च पन्नास लाखांच्या घरात, कधी त्याहून वर. एअरबससारख्या मोठ्या विमानाचे प्रशिक्षण पुढे वेगळे, त्याचे पैसेही वेगळे. पोरगी म्हणत असेल तरी हिशेब हाच. आपल्याकडे स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून बरेच जास्त आहे, तेव्हा तिला नाही म्हणू नका.

माती तपासल्याशिवाय बाग लावू नका, हे मी नोकरीभर सांगत आलो. इथे माती म्हणजे पोराची तब्येत. विमान खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला आणि फी भरून झालेली असली, तर रडायची पाळी. मग हवामान, दिशाशोधन, नियम यांचे पेपर घरी राहून देऊ द्या. ते खर्चाने हलके असतात, आणि पोराचा दमही कळतो. उड्डाणाची फी एकरकमी देऊ नका. जेवढे तास उडेल तेवढा हप्ता, असे लेखी ठरवा.

शाळा स्वतः जाऊन बघा. गोंदियाजवळ बिरसीला एक आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने 2024 मध्ये जाहीर केली. चकचकीत इमारत बघून भुलू नका. विमाने किती आणि त्यांतली उडणारी किती, मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे किती तास झाले, हे शिकणाऱ्या पोरांनाच विचारा.

आणि सोबत पदवी चालू ठेवा. परवाना हाती आल्यावर वर्ष-दोन वर्षे थांबावे लागले, तर तेवढा काळ हप्ते कशातून जातील, हे आजच कागदावर मांडा. तो आकडा बागेच्या उत्पन्नातून निघत नसेल, तर जमिनीला हात लावू नका.

काटोलचे भाऊ सातबारा पिशवीत घालून परत गेले. पोराची वैद्यकीय तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.