शेक घेतला म्हणजे भौतिकोपचार झाला नाही

“डॉक्टरसाहेब, फिजिओथेरपी करून बघितली, पण काही फरक नाही.” हे वाक्य आठवड्यातून तीन-चार वेळा तरी माझ्या कानावर पडते. काय काय केले, असे विचारले की उत्तर येते, “दहा दिवस शेक घेतला.” व्यायाम सांगितले होते का? “होते ना. कागद दिला होता, घरी असेल.”

तो कागद घरीच पडून राहतो, आणि दुखणेही अंगात राहते. भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आपण सर्रास फिजिओथेरपी म्हणतो, त्यात उष्णता, थंडावा, विजेचा सौम्य प्रवाह, पाणी, तज्ज्ञाने हाताने करून घेतलेली हालचाल आणि व्यायाम अशी साधने वापरतात. यांपैकी व्यायाम हे मुख्य औषध आणि बाकीची बहुतेक साधने त्या औषधाची वाट मोकळी करणारी. शेकाने स्नायू सैल होतो, थोडा वेळ वेदना कमी राहते. तेवढ्या वेळात आखडलेला सांधा हलवून घ्यायचा असतो. तवा तापवला आणि भाकरी टाकलीच नाही, तर जेवण कसे व्हायचे?

पण आपल्या लोकांना यंत्राचे भारी आकर्षण. दिवा लागतो, आवाज होतो, पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायला सांगितला, की “एवढ्यासाठी का एवढ्या लांब आलो?” असा चेहरा होतो. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. सदरा चढवता येत नाही, मागे हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. हे दुखणे वर्ष-दीड वर्षही रेंगाळते. साखर ताब्यात ठेवणे आणि भिंतीवर बोटे चालवणे, यांना तिथे यंत्राचा पर्याय नाही.

हाड मोडल्यावर जे घडते ते याहून वाईट. अंगणात पाय घसरतो, माणूस पडताना तळहात टेकतो आणि मनगटाचे हाड मोडते. साठीच्या पुढच्या स्त्रियांत हे नेहमीचे. पाच-सहा आठवडे प्लास्टर असते. त्या काळात घरचे सगळे बजावतात, “हात हलवू नको बरं.” हात झोळीत, झोळी गळ्यात. प्लास्टर निघते तेव्हा हाड उत्तम जुळलेले असते, फोटोत रेषही दिसत नाही, पण मूठ वळत नाही आणि खांदाही धरलेला असतो. पीठ मळता येत नाही, म्हशीची धार काढता येत नाही, लुगड्याची गाठ मारता येत नाही. हाड जुळले आणि हात गेला, असा हा प्रकार. वास्तविक प्लास्टरमध्ये असते ते मनगट. बोटे, कोपर व खांदा मोकळे ठेवलेले असतील, तर डॉक्टरांच्या परवानगीने ते पहिल्या दिवसापासून हलवायचे असतात. जागेपणी दर तासाला दहा वेळा मूठ उघडायची, मिटायची. खांदा दिवसातून चार वेळा डोक्यावर न्यायचा. याला ना यंत्र लागते ना पैसा. कुणीतरी रुग्णाला आणि सुनेला समोर बसवून दहा मिनिटे समजावून सांगावे लागते, एवढेच.

इथे हाडवैद्यांविषयीही लिहिले पाहिजे. नदीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे इकडे शिरूरच्या आणि भीमेपलीकडे दौंडच्या खेड्यांत, हाड बसवणारी माणसे आहेत. त्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे आणि साध्या मुरगळण्याला त्यांचा हात लागून आराम वाटतो, हे मी नाकारत नाही. पण लहान मूल झाडावरून किंवा सायकलवरून पडून कोपर सुजले असेल, तर त्याला कोणाचीही मालिश नको. कोपराच्या इजेनंतर चोळणे आणि जोराने ओढणे यामुळे शेजारच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकते आणि सांधा कायमचा अडकतो. भौतिकोपचार तज्ज्ञसुद्धा कोपराला जबरदस्ती करत नाहीत, मूल स्वतः जेवढे हलवील तेवढेच हलू देतात. दुसरी भीती बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीची. बांधल्यावर वेदना वाढत गेली, बोटे पांढरी किंवा निळी पडली, बधिर झाली, बोट सरळ करताच मूल किंचाळले, तर पट्टी लगेच सोडा आणि त्याच तासाला रुग्णालय गाठा. रक्तपुरवठा तुटलेला हात सकाळपर्यंत थांबत नाही.

कंबरदुखीचा विषय आपल्या भागात घरोघरी आहे. उसाच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारे तोडणी कामगार, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत आठ-आठ तास उभे राहणारी तरुण मुले, खुरपणीला दिवसभर वाकणाऱ्या बाया, सगळ्यांची तक्रार एकच. त्यावर पूर्वापार सल्लाही एकच, “पाठ टेकून पडून राहा.” हा सल्ला आता मागे पडला आहे. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. अचानक कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर ठेवले, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि काहींना जमेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते तिसरे. म्हणजे दुखण्याच्या ऐन भरात व्यायामाचीही घाई नको, पण झोपून राहणेही नको. चालत-फिरत राहावे, ओझे टाळावे, आणि वेदना उतरली की पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम लावून घ्यावेत. कमरेचा पट्टा प्रवासापुरता किंवा जड कामापुरता ठीक, पण महिनोन्‌महिने बांधला तर पाठीचे स्नायू आळशी होतात. मात्र कंबरदुखीबरोबर लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातले बळ गेले किंवा ताप आणि वजन घटणे असे काही असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासणी.

आता ज्या आजारासाठी मी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. खेड्यात म्हणतात, अंगावरून वारं गेलं. अर्धांगवायूच्या पहिल्या काही तासांना आता फार मोल आले आहे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन काही रुग्णांना स्कॅन काढून साडेचार तासांच्या आत देता येते. म्हणून तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की दुसरीकडे कुठेही न थांबता मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. हे बऱ्याच घरांत आता माहीत झाले आहे. अडचण त्यानंतरची आहे. रुग्ण आठ-दहा दिवसांनी पुण्याहून घरी येतो, जीव वाचलेला असतो, आणि घरचे त्याला खाटेवर निजवून ठेवतात. “आता आराम करू द्या.” मग कुणीतरी सांगतो, अमक्या गावाला औषध मिळते. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. गाडी करून तीन गावे होतात, तेलाच्या बाटल्या होतात आणि दोन-तीन महिने निघून जातात.

नेमके हेच महिने सोन्याचे असतात. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, पण शेजारचे भाग त्याचे काम शिकू शकतात, आणि ते शिकतात पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीतून. या शिकण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांनंतर मंदावतो, अगदी थांबत मात्र नाही. प्रकृती स्थिर झाली, की बहुधा एक-दोन दिवसांतच रुग्णाला बसते करण्यास सुरुवात करतात. मग कडेवर वळणे, बसून तोल सांभाळणे, उभे राहणे, आधाराने पाऊल टाकणे. लहान मूल जसे शिकते तसाच क्रम. तेल लावून मालिश करा, मनाई नाही, रुग्णाला बरे वाटते. पण दुसऱ्याने चोळल्याने स्वतःचा मेंदू शिकत नाही.

घरच्यांनी काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. उठवताना लुळा हात धरून ओढू नये. स्नायू सैल पडल्यामुळे खांदा खोबणीतून उतरतो आणि मग त्याच्या वेदनेमुळे रुग्ण कुठलाच व्यायाम करू देत नाही. बसवल्यावर तो हात उशीवर किंवा टेबलावर ठेवावा, लोंबू देऊ नये. निजलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला आणि टाचेला जखमा होतात. पाणी पाजताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे, कारण त्यातून न्यूमोनिया होतो. आणि त्याच्याशी बोलावे. जीभ अडखळते म्हणजे माणसाला काही कळत नाही असा समज करून त्याच्या देखत त्याच्या खर्चाची चर्चा करणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आपल्या देशात या शास्त्राची शाळाच मुळी अशा लुळ्या पडलेल्या हातापायांसाठी निघाली. पोलिओने मुले अधू होऊ लागली तेव्हा, १९५३ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र त्याही आधीचे, दुसऱ्या महायुद्धातील, १९४४ चे. पोलिओ आता आपल्याकडून गेला. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. त्यामुळे भौतिकोपचाराची गरज संपली असे कुणाला वाटले असेल, तर २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात काय झाले ते आठवावे. गुलेन बारे आजाराचे दोनशेच्या आसपास रुग्ण, त्यांतले अनेक कृत्रिम श्वासावर. या आजारात मज्जातंतूंवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते आणि चालता-बोलता माणूस दोन-चार दिवसांत पायातून जातो. औषधाने हल्ला थांबतो. पुढे चमचा धरण्यापासून जिना चढण्यापर्यंतची वाट आठवडे, कधी महिने चालते, आणि त्या वाटेवर सोबत असते ती भौतिकोपचार तज्ज्ञाचीच.

उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमाबद्दल मला रुग्ण नेहमी विचारतात. १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला हा आश्रम दौंडच्या वाटेवरच आहे. माती, पाणी, मालिश, मोजका आहार, ठरलेली दिनचर्या यांनी वजन उतरते, झोप लागते, अंग हलके होते, हे तिथे जाऊन आलेले अनेकजण सांगतात आणि मला त्यात काही नवल वाटत नाही. पण निसर्गोपचार आणि भौतिकोपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडलेल्या मांडीचे बळ परत आणण्याचे काम दुसऱ्याचे आहे.

शेकाबद्दल एक सावधगिरी. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांनी गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट किंवा विजेचा पॅड पायाला लावू नये. चटका बसलेला कळत नाही आणि फोडाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हृदयात पेसमेकर किंवा हाडात धातूची पट्टी असेल तर यंत्रावर बसण्याआधी सांगावे. आणि उपचार करणारा खरोखर शिकलेला आहे का, हेही विचारावे. बारावीनंतर चार वर्षांहून अधिक काळ हे शिक्षण चालते. राज्यात यासाठी २००२ साली आणि देशात २०२१ साली कायदा झाला आहे. नोंदणी विचारण्यात संकोच कसला? यंत्र विकत घेतले म्हणून कुणी तज्ज्ञ होत नाही.

आमच्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. चिठ्ठीवर नुसते ‘फिजिओ’ असे लिहून काय साधते? निदान काय, पट्टी कोणत्या हाडात, पायावर किती भार द्यायचा आणि कधीपासून, हे लिहिले नाही तर पुढचा माणूस एकतर भिऊन काहीच करत नाही किंवा भलतेच करतो.

पण रुग्णाने आणि डॉक्टरने कितीही मनावर घेतले, तरी अंतराचे काय? शिरूरहून पुणे साठ-सत्तर किलोमीटर, दौंडहून पाऊणशे. अर्धांगवायूच्या रुग्णाला आठवड्यातून तीन वेळा नेायचे म्हणजे गाडीभाडे, आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. दोन आठवड्यांत उत्साह मावळतो, यात घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. गेल्या काही वर्षांत शिरूर, शिक्रापूर, दौंड इकडे खासगी केंद्रे निघाली ही चांगली गोष्ट आहे, पण तोडणी कामगाराला किंवा भूमिहीन शेतमजुराला महिनाभराची रोजची फी परवडायची नाही. माझे स्पष्ट मत असे, की तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भौतिकोपचार तज्ज्ञ रोज बसला पाहिजे, आठवड्यातून एक वार नव्हे. त्याने महिन्यातून एकदा आशा कार्यकर्तींना कूस बदलणे, हात धरणे, चालवणे शिकवावे, म्हणजे न्हावऱ्याचा किंवा पाटसचा रुग्ण घरच्या अंगणातच पुढचे शिकू शकेल.

यासाठी मोठी इमारत नको. एक हवेशीर खोली, दोन खाटा, जमिनीवर गादी, चालायला शिकण्यासाठी समांतर दांड्या, भिंतीवर खांद्याची कप्पी आणि रोज वेळेवर येणारा माणूस. रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या असतात आणि त्यांवर आपले लोकप्रतिनिधी असतात. पुढची बैठक कधी आहे, एवढे तरी त्यांना विचारा.